ताट, संत्रे आणि भिंग

खाद्यपदार्थांचे छायाचित्र घ्यावयाचे तर कॅमेरा कोणता असावा आणि त्यास भिंग कोणते लावावे, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी बहुतांशी जाहिरातदारांपुरता होता. आज तो घरोघरच्या स्वयंपाकघरात शिरला आहे. नागपुरात तर संत्र्याची बर्फी विकणारी गृहिणी, वडाभाताची पंगत उठविणारा आचारी आणि आपल्या बागेतील फळ दूरच्या गिऱ्हाइकास दाखवू पाहणारा काटोलकडील बागाईतदार, या तिघांनाही तो सारखाच पडतो. उत्तर म्हणून त्यांच्या हाती बहुधा किमतींची यादी पडते, आणि जितके भिंग महाग तितके चित्र रुचकर असा समज करून घेऊन ते दुकानाची पायरी चढतात. आम्हांस हा समज चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा कसा हे यादीपेक्षा इतिहास अधिक स्पष्टपणे सांगतो. प्रत्येक भिंग कोणत्या तरी कामासाठी, कोणाच्या तरी सोयीसाठी, कोणत्या तरी मेजासमोर उभे राहून घडविले गेले. ते मेज आपले होते की परक्याचे, हे पाहिल्यावाचून त्याची निवड करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा जोडा पायात चढविणे होय.

छायाचित्रकलेच्या बाल्यावस्थेपासून अन्न तिच्यासमोर मांडलेले आहे. फ्रान्समधील नीप्स याच्या नावावर सांगितले जाणारे एका मांडलेल्या मेजाचे चित्र आहे. मूळ चित्र नाहीसे झाले असून त्याची छापील प्रत तेवढी उरली आहे. इंग्लंडात टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात ‘पेन्सिल ऑफ नेचर’ हा छायाचित्रांनी युक्त असा ग्रंथ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला. त्यातील चोविसावे म्हणजे शेवटचे चित्र फळांच्या टोपल्यांचे असून एकीत अननस दिमाखाने बसला आहे. क्रिमियाच्या युद्धाची चित्रे घेऊन नावारूपास आलेल्या रॉजर फेंटन यानेही १८६० साली फळाफुलांची चित्रमालिका घेतली. या आद्य कलावंतांस फळे प्रिय असण्याचे एक अगदी व्यावहारिक कारण होते: फळ हलत नाही. ज्या काळी माणसाचे चित्र घ्यावयाचे तर त्याच्या मानेमागे लोखंडी आकडा लावून त्यास निश्चल ठेवावे लागे, त्या काळी अननसाइतका आज्ञाधारक गिऱ्हाईक दुसरा कोण मिळणार?

या सर्व चित्रांत पाहणाऱ्याचा डोळा मात्र जवळजवळ एकाच ठिकाणी आहे. तो मेजाच्या पलीकडे, मेजाच्या उंचीपेक्षा थोडासा वर आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी द्राक्षांचे घोस आणि काचेचे पेले जेथून पाहिले, तेथूनच छायाचित्रकारांनीही पाहिले. यात नवल काही नाही. ते लोक खुर्चीवर बसून जेवतात, आणि त्यांच्या मेजावरील वस्तू उंचीने शोभणाऱ्या असतात. सुरई, पेला, केक, फळांचे उभे तबक, या साऱ्यांचे रूप बाजूने पाहिल्यासच कळते. एक वस्तू पुढे, बाकीच्या मागे, अशी त्या मेजाची रचना असते.

भिंगेही त्याच दृष्टीला साजेशी निघाली. १८४० साली व्हिएन्नातील पेट्झव्हाल नामक गणितज्ञाने मुखचित्रांसाठी जे भिंग सिद्ध केले, त्याने छायाचित्राचा धंदा उभा केला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ते पूर्वीच्या भिंगांहून कितीतरी अधिक प्रकाश आत घेई, त्यामुळे माणसाला मिनिटामागून मिनिटे ताटकळावे लागेना. त्याचा दोष असा की मध्यभागी चित्र अत्यंत रेखीव येई आणि कडेकडेला ते विरघळत जाई. मुखचित्राच्या बाबतीत हा दोष गुण ठरला. चेहरा उठून दिसला आणि मागचा पडदा विसरला गेला. आज अन्नाच्या चित्रांत एक घास तेवढा स्पष्ट आणि बाकी सारे धुक्यात, ही जी तऱ्हा सर्वत्र दिसते, ती या मुखचित्रांच्याच वंशातली आहे. चेहरा एक असतो. आपल्या ताटात किती चेहरे असतात, याचा विचार पुढे करावयाचा आहे. तत्पूर्वी रंगाकडे वळले पाहिजे, कारण नागपूरच्या फळाने या कलेची खरी परीक्षा रंगातच घेतली.

संत्र्याची रोपे नागपूरकर भोसल्यांनी त्या काळच्या औरंगाबादेकडून आणवून आपल्या परसबागेत लावली, असे परंपरेने सांगतात. १८६३ साली नागपुरात मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय, म्हणजे आपले अजब बंगल्याचे, स्थापन झाले. १८६५ च्या डिसेंबरात सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत कला, कारागिरी व शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन येथे भरले. आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. प्रदर्शनाचा महिना म्हणजे आंबिया बहाराच्या फळांचे ऐन दिवस. त्या दिवसांत कोणी छायाचित्रकाराने एखादे संत्रे कॅमेऱ्यापुढे ठेवले असते, तर काचेवर काय उमटले असते? उत्तर ऐकून वाचकांस हसू येईल: काळे फळ. त्या वेळची ओल्या कलोडियनची काच, जी भिजलेली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे, ती केवळ निळ्याजांभळ्या प्रकाशाला जागी होई. पिवळा, नारिंगी आणि तांबडा तिला दिसतच नसत. संत्र्याची साल निळा प्रकाश गिळते व नेमके उरलेले रंग परत फेकते. तेव्हा त्या काचेच्या दृष्टीने संत्रे आणि कोळसा यांत फारसा भेद नव्हता. हळदीच्या वरणाचीही तीच गत झाली असती. ताटातला पांढरा भात तेवढा धड दिसला असता.

हा आंधळेपणा हळूहळू गेला. १८७३ साली बर्लिनच्या फोगेल यास असे आढळले की काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर ती हिरवापिवळा प्रकाशही पाहू लागते. तांबडा दिसू लागण्यास आणखी तीस वर्षे गेली. इंग्लंडातील रॅटन आणि वेनराइट यांनी सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आणल्या त्या १९०६ साली. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी प्रत्यक्ष रंगीत चित्र देणारी ऑटोक्रोम काच विक्रीस काढली. हिचे मर्म स्वयंपाकघरातलेच होते. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवा आणि जांभळा अशा तीन रंगांत रंगवून काचेवर पसरलेले असत, आणि त्या कणांतून गाळलेल्या प्रकाशाने चित्र उमटे. संत्र्यास त्याचा स्वतःचा रंग मिळाला तो अशा रीतीने बटाट्याच्या कृपेने!

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. छायाचित्राने अन्नाचे रूप टिपले त्याहून अधिक अन्न त्याने पोटात घातले आहे. १८५० पासून पुढे कित्येक दशके चित्रे ज्या कागदावर उठत, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. जर्मनीत ड्रेस्डेन येथील एक कारखाना त्यासाठी दिवसाला साठ हजार अंडी फोडीत असे, असे सांगतात. पुढे कोरड्या काचा आणि फिल्म आली, तिचा लेप जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचा. हे जिलेटिन कधी फार तेज निघे, तर कधी मंद, आणि कारण कोणास उमगत नसे. १९२५ साली कोडॅक कंपनीच्या शेपर्ड या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले की त्यातील गंधकयुक्त अंश मोहरीच्या तेलातील द्रव्याच्या जातीचा आहे. गुरे मोहरीवर्गातील झाडे खातात, आणि त्यांच्या कातड्यातून तो अंश फिल्ममध्ये उतरून तिला तेज आणतो! आपल्या सोवळ्यातील आजीबाईंचे जे छायाचित्र देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर आदराने टांगलेले असे, त्याच्या घडणीत अंडे होते की हाड, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही हे बरेच झाले.

मराठी मनुष्याने कॅमेरा निवडण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा पाहावयाची तर नागपूर थोडा वेळ सोडून नाशिक-मुंबईकडे जावे लागते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनास गेले ते चित्रपटाचे साहित्य विकत घेण्यास. तेथे ‘बायोस्कोप’ पत्राचे संपादक कॅबोर्न यांचा सल्ला त्यांस लाभला, आणि त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला. परत आल्यावर भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी पहिले लहानसे चित्र घेतले, त्याचा विषय राजा नव्हता की देवही नव्हता. तो होता वाटाण्याचा दाणा. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा स्थिर ठेवून ते महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करीत गेले, आणि पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात वाढून वेलीस आला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ते ओळखले जाते. आम्हांस यात महत्त्वाचे वाटते ते असे की, कॅमेरा घेण्यापूर्वी आपणांस काय दाखवावयाचे आहे हे फाळक्यांस ठाऊक होते, आणि वाटाण्यासाठी त्यांनी वेगळे यंत्र शोधले नाही. त्याच यंत्रास त्यांनी धीर धरावयास लावले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत असताना सरस्वतीबाई फाळके यांनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री अंधारात फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. त्या पंगतीचे चित्र आमच्या पाहण्यात नाही.

आता ताटाकडे येऊ. महाराष्ट्रीय ताट वाढण्यास एक क्रम आहे आणि त्या क्रमास अर्थ आहे. जेवणाऱ्याच्या समोर, ताटाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ. तेथून डाव्या हातास लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हातास भाजी, पातळ भाजी किंवा आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तीवर वरण व तूप. जे चवीपुरते चाखावयाचे ते डावीकडे, जे पोटभर खावयाचे ते उजवीकडे. विदर्भात पाटवडीचा रस्सा, पुडाची वडी किंवा वडाभातावरची तेलाची फोडणी असे विशेष पदार्थ येतील, पण चौकट तीच. अशा ताटात उंची जवळजवळ नसतेच. आहे ती मांडणी. ते एखाद्या लिहिलेल्या पानासारखे असते, आणि पान जसे समोरून, सरळ, सगळे एकदम पाहावे लागते तसेच ताटही. पाटावर मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा ताटापासून साधारण दोन-अडीच फुटांवर, जवळजवळ थेट वर असतो. आपल्या अन्नाची मूळ दृष्टी ती ही. खुर्चीवर बसून पलीकडच्या बाजूने तिरके पाहणारा डोळा आपल्याकडे उशिरा आला.

या क्रमाची थट्टा यंत्राने पूर्वी एका गमतीच्या रीतीने केली असती. १८३९ साली दागेरने जाहीर केलेल्या पद्धतीत चांदीच्या पत्र्यावर उमटणारे चित्र आरशातल्यासारखे उलटे येई, डाव्याचे उजवे होई; त्यासाठी भिंगापुढे निराळा आरसा वा लोलक लावावा लागे. साहेबाच्या फळांच्या टोपलीस याने काही बाधा येत नसे. आपले ताट मात्र त्या पत्र्यावर कोशिंबीर उजवीकडे आणि भाजी डावीकडे घेऊन बसले असते, आणि कोणत्याही घरातील वाढणाऱ्या काकूंनी ते एका दृष्टिक्षेपात नापास केले असते. आजही काही मोबाइल फोनांचा पुढचा कॅमेरा ही करामत करतो. आपल्या भाषेत डावे-उजवे करणे म्हणजे पारख करणे. ती पारख येथे अगदी शब्दशः लागते.

तेव्हा ताटासाठी भिंग कोणते? हिशेब सोपा आहे आणि तो दुकानात जाण्यापूर्वी घरीच करावा. ताट पस्तीस सेंटिमीटर रुंदीचे धरले आणि भोवती थोडी मोकळी जागा सोडली, तर चाळीस सेंटिमीटर क्षेत्र चित्रात यावयास हवे. ज्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी जुन्या फिल्मएवढी, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरची असते, त्यास ५० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग लावल्यास ते ताटापासून सुमारे नव्वद सेंटिमीटर वर धरावे लागते. शंभर मिलिमीटरचे लावल्यास सुमारे पावणेदोन मीटर. ताट जमिनीवर असेल तर हे दुसरे अंतर उभ्या माणसास कसेबसे साधते. ते जेवणाच्या मेजावर असेल तर शिडीच आणावी लागेल. पट्टी लहान असलेल्या, बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या कॅमेऱ्यांत ५० मिलिमीटरलाच अंतर सव्वा मीटरजवळ जाते, म्हणून तेथे ३५ मिलिमीटरचे भिंग अधिक सोयीचे पडते. फोनाच्या मुख्य भिंगाची दृष्टी मोठ्या पट्टीवरील २४-२६ मिलिमीटरच्या भिंगासारखी रुंद असल्यामुळे तो ताटावर सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत खाली उतरवावा लागतो, आणि दोष येथेच उत्पन्न होतो. मध्यापासून पंधराएक सेंटिमीटर दूर असलेली वाटी तेथून सुमारे अठरा अंशांनी तिरकी दिसते. नव्वद सेंटिमीटरवरून तीच नऊ-दहा अंशांनी, आणि पावणेदोन मीटरवरून पाच. म्हणून फोनाच्या चित्रात कडेच्या वाट्या बाहेर कललेल्या, आमटी सांडेल की काय असे वाटावयास लावणाऱ्या येतात. ज्यांच्यापाशी फोनच आहे त्यांनी दुप्पट मोठे दाखविणारे त्यातील दुसरे भिंग असल्यास ते वापरावे व हात तेवढा वर न्यावा. नसल्यास उंचावरून चित्र घेऊन कडा छाटाव्या. पैसा एकही पडत नाही.

भिंगाच्या तोंडाविषयी, ज्यास व्यवहारात अ‍ॅपर्चर म्हणतात, तर याहून मोठा गैरसमज आहे. एफ/१.४ किंवा एफ/१.२ अशा मोठ्या तोंडाची भिंगे अत्यंत महाग असतात व त्यांचा मान मोठा असतो. ती अंधारात हलत्या माणसाचे चित्र टिपण्यास उपयोगी. पण ताट, टॅल्बटच्या अननसाप्रमाणेच, हलत नाही. वर सांगितलेल्या मोठ्या पट्टीच्या कॅमेऱ्यात सबंध ताट मावले असता एफ/२ ला केवळ चारएक सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/८ ला तो चौदा-पंधरा सेंटिमीटर होतो. वरून पाहिले तर वाटीची उंची चार-पाच सेंटिमीटरच, म्हणून एफ/८ वर मिठाच्या कणापासून पापडाच्या फोडापर्यंत सारे रेखीव येते. तिरके पाहिले आणि तोंड उघडे ठेवले की पस्तीस सेंटिमीटरच्या ताटापैकी एक पट्टा स्पष्ट आणि लिंबू-मीठ धुक्यात! तिरक्या मांडणीतही सर्व काही स्पष्ट यावे अशी सोय शाइमफ्लूग या ऑस्ट्रियन कप्तानाने १९०४ साली पेटंट घेतलेल्या नियमात आहे. भिंगच कलते करावयाचे. पण तशी भिंगे आजही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत.

अन्नासाठी सर्वांत योग्य म्हणून आज जे ‘मॅक्रो’ भिंग सुचविले जाते, त्याचा एक पूर्वज तर चक्क कागदपत्रांसाठी जन्मास आला. १९५६ साली निकॉन कंपनीने मायक्रो-निकोर नावाचे ५ सेंटिमीटरचे भिंग काढले. जपानी लेखनातील गुंतागुंतीची, दाट रेघांची अक्षरे अतिसूक्ष्म फिल्मवर उतरविताना साध्या भिंगांनी ती गिचमिड होत. सबंध पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सपाट आणि रेखीव यावे म्हणून हे भिंग घडले. त्याचे तोंड केवळ एफ/३.५. मुखचित्रांसाठी घडलेले पेट्झव्हालचे भिंग एका टोकाला आणि लिखित पानासाठी घडलेले हे दुसऱ्या टोकाला. आमचे ताट कोणाच्या जवळचे, हे आता निराळे सांगावयास नको. पानासाठी केलेले भिंग ताटास शोभते, कारण आमच्या वाढणाऱ्या बायकांनी ताट पानासारखेच लिहिले आहे. केळीच्या ताटास आपण पानच म्हणतो, हा निव्वळ योगायोग नव्हे.

या नियमास नागपुरातच एक सबळ अपवाद भेटतो, आणि तो लपविणे योग्य होणार नाही. सावजी रस्सा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून निघून शहरभर पसरलेला हा पदार्थ रंगाने काळसर तांबडा असतो आणि त्याचे सारे वैभव वर तरंगणाऱ्या तर्रीत असते. त्याचे थेट वरून चित्र घ्याल तर तेलाच्या सपाट थरात छताचे मंद प्रतिबिंब पडते आणि रस्सा डबक्यासारखा निर्जीव दिसतो. त्यास खिडकी पलीकडे ठेवून तिरके, जेवणाऱ्या माणसाने वाडगा तोंडाशी आणावा तितके जवळ पाहिले पाहिजे. तेव्हा तर्री चमकते. कस्तुरचंद पार्कावरील तर्री-पोह्यांचेही तसेच. चकाकी मारणारा ध्रुवण-काच नामक फिल्टर येथे लावू नये, कारण मारावयाची ती चकाकीच तर खरी चव आहे. अशा एका वाडग्यासाठी नव्वद ते शंभर मिलिमीटरचे मॅक्रो भिंग उत्तम काम देते.

रुचकर दिसणे आणि खरे असणे यांत कलह आहे, तो जुना आहे. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्याचे उघडकीस आले. भाज्या तळाशी बसू नयेत, वर तरंगत दिसाव्यात, एवढाच हेतू. पण तेथील व्यापार आयोगाने ते प्रकरण धरले आणि १९७० साली कंपनीस तसे न करण्याचे बंधन पत्करावे लागले. आपल्या घरातील छायाचित्रकार गोट्या घालीत नाही. परंतु त्याचा फोन न विचारता रंग भडक करतो, आणि त्याची झळ नागपुरात प्रत्यक्ष माणसास बसते. आंबिया बहाराचे संत्रे आतून पुरते पिकले तरी पुरेशी थंडी पडेपर्यंत त्याची साल पुष्कळदा हिरवट, ठिपकेदार राहते. २०१४ साली ज्या फळास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, त्याची हजारो चित्रे जर पितळेच्या घागरीसारखी चकचकीत नारिंगी दाखवीत राहिली, तर दूरच्या शहरातील गिऱ्हाईक खरे फळ पाहून ते कच्चे म्हणून परत लोटते. मग बागाईतदारास साल पिवळी करण्याचे आणि मेणाचा हात फिरविण्याचे उपाय करावे लागतात. चित्रासारखे फळ करण्यापेक्षा फळासारखे चित्र करणे स्वस्त पडते, पण ते स्वस्त पडते वेगळ्या माणसास. म्हणूनच ते होत नाही.

आजच्या यंत्रातही संत्र्याची खोडी पुरती गेलेली नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या पट्टीवर कोडॅकच्या ब्राइस बेयर याच्या १९७६ च्या पेटंटातील योजनेप्रमाणे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची चौकटी जाळी बसविलेली असते. निम्मी घरे हिरवी, चौथाई तांबडी, चौथाई निळी. ल्युमिएरच्या बटाट्याच्या कणांचाच हा शिस्तबद्ध नातू. उन्हातले संत्रे तांबड्या घरांत इतका प्रकाश ओतते की ती काठोकाठ भरून जातात, आणि सालीवरील तेलाची बारीक रंध्रे पुसून जाऊन एक गुळगुळीत चेंडू उरतो. कलोडियनच्या काचेने संत्रे काळे करून त्याची रंध्रे बुडविली. ही पट्टी ती जाळून टाकते. उपाय एवढाच की प्रकाश अर्धा-पाऊण टप्पा कमी द्यावा, रंग भडक करणारी सोय बंद करावी, आणि कॅमेरा देत असल्यास ‘रॉ’ या कच्च्या स्वरूपात चित्र साठवावे, म्हणजे पुढे सावली उजळता येते. ट्यूबलाइट आणि खिडकी यांचा प्रकाश एकत्र करू नये. हळद एका बाजूने हिरवी पडते.

तेव्हा निवडीपुरते सांगावयाचे तर, कॅमेरा जुना, एकदा वापरलेला घेतला तरी चालेल. ५० मिलिमीटरचे एफ/१.८ हे त्या त्या कंपनीचे बहुधा सर्वांत स्वस्त भिंग असते, ते मोठ्या पट्टीस, आणि ३५ मिलिमीटरचे लहान पट्टीस. पैसे उरले तर आधी आडवा दांडा निघणारा भक्कम ट्रायपॉड घ्यावा, म्हणजे कॅमेरा ताटावर सरळ खाली पाहू शकेल आणि एफ/८ ला लागणारा अर्धा सेकंद हात न थरथरता मिळेल. मॅक्रो भिंग त्यानंतर. एक भिंत, एक उत्तरेची खिडकी, आणि समोरच्या बाजूस सावली हलकी करण्यासाठी धुतलेले पांढरे पंचे. वेळ सकाळी नऊ ते अकरा. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यानंतर प्रकाशही कडक होतो आणि श्रीखंडही पातळ. ताट पाटावर, मीठ चित्राच्या वरच्या अंगास. सर्व मोजमाप रिकाम्या वाट्या ठेवून आधी करावे, मग आमटी, मग भाताची मूद. तूप आणि पापड अगदी शेवटी, कारण तूप दोन मिनिटांत थिजते आणि पापड पावसाळ्यात तेवढाही दम धरीत नाही.